चुकलेलं क्रियापद

आईचं तेरावं उरकून मी सोमवारी गारखेड्यातल्या आमच्या शाळेत पुन्हा रुजू झाले. तिसरीच्या वर्गाला त्या दिवशी वाक्यातलं चुकलेलं नाम किंवा क्रियापद शोधून दुरुस्त करायला शिकवायचं होतं. 'गाय दूध देतो', 'चिमणी पोहते' अशी वाक्यं मी फळ्यावर लिहीत होते आणि चाळीस पोरं एका सुरात मला दुरुस्त करत होती. बरं वाटत होतं.

घंटा झाली. दीपमालानं दप्तर पाठीला लावलं आणि दारातून म्हणाली, "बाई, जाते."

"जाते नाही, येते म्हणावं," मी सवयीनं बोलून गेले.

ती तिथंच थांबली. "असं कसं, बाई? तुम्हीच आता शिकवलं ना, जे काम चालू असतं तेच क्रियापद लिहायचं. मी तर घरी जायलेय. यायलेय कुठं?"

"बाई चुकल्या! बाई चुकल्या!" मागच्या बाकावरून शिवम ओरडला. "दीपे, बाईंच्या वाक्याला लाल पेन लाव!"

सगळा वर्ग हसला. मीही हसले.

"तुझंच बरोबर आहे," मी दीपमालाला म्हटलं. "जाते, हेच बरोबर."



पंधरा दिवसांपूर्वी ऑपरेशनसाठी आत नेत असताना आई स्ट्रेचरवरून "जाते गं" म्हणाली, तेव्हा मी तिला दारातच थांबवून क्रियापद दुरुस्त करून घेतलं होतं.