तेलातलं पाणी

गावाचे नळ सकाळपासून कोरडे होते. जमिनीतून उपसून टाकीत भरलेल्या घट्ट खनिज तेलात अडकलेलं पाणी खाली बसतच नव्हतं.

"मॅडम, अजून सॉल्व्हंट ओतू?" ऑपरेटर घोरपडेनं विचारलं.

"मुळीच नाही! थोड्यानं तेल पातळ होतं, थेंब उतरतात. जास्त ओतलं की डांबर सुटतं आणि थेंबाथेंबावर त्याची साय धरते. मग बसा तहानलेले!" केळुसकर मॅडम कडाडल्या. "जरा दम धरा."

दुपारी तळाच्या तोटीतून पाणी आलं. रिवाजाप्रमाणे पहिला पेला मॅडम स्वतः प्यायल्या, मगच त्यांनी गावाचे नळ सोडले.

उरलेलं तेल पुन्हा जमिनीत सोडताना घोरपडे म्हणाला, "आजोबा सांगायचे, पूर्वी लोक या तेलासाठी लढाया करायचे."

मॅडम हसल्या. "काहीतरीच! प्यायचे की काय हे?"