तीनदा आलेला बेलिफ

लिंबागणेशच्या फाट्यावर माझ्या टँकरपुढं बायांची रांग लागली होती. कोर्टाचा बेलिफ फटफटीवरून उतरला आन् त्यानं मलाच विचारलं, "मावशी, केशरबाईचं घर कुठलं? तिचा टँकर जप्त करायचाय."

भागीदार अर्जुनरावानं टँकरसाठी माझ्यावर दावा ठोकला, हे मला कालच वकिलाकडून कळलं होतं. समन्स मला मिळालंच न्हाई, म्हणून मी कोर्टात गेले न्हाई, आन् निकाल एकतर्फी लागून मोकळा झाला. तो उलटवायला सोमवारी वकील अर्ज देणार होता.

"याआधी आलतास का रं तिच्याकडं?" मी विचारलं.

"तीनदा आलतो. समन्स फाडलं तिनं, कोयता घेऊन अंगावर धावली. लई खाष्ट बाई हाय. तसंच लिहून दिलंय कोर्टात."

रांगेतल्या बाया फिदीफिदी हसल्या. माझ्या पोरानं, राधाकिशननं मात्र टायर खोलायचा पाना उचलला. पहिल्या फटक्यात बेलिफाचं मनगट मोडलं, दुसऱ्यात कपाळ फुटलं. तिसरा तोंडावर बसणार, तेवढ्यात मी पोटच्या पोराच्या पाठीत भरलेला हंडा घातला. तो आडवा झाला. असल्या दुष्काळात हंडाभर पाणी मातीत गेलं.

बेलिफ रक्त पुसत माझ्या पाया पडला. "मावशी, तुमी होत्या म्हणून वाचलो. नाव काय तुमचं?"

"केशरबाई. आता तोंड तेवढं शाबूत ठिव. सोमवारी जजसायबापुढं तुलाच सांगायचंय, की ही बाई तू आज पहिल्यांदा बघितली."