राजाच्या गालावरची रेघ

पारख्याने नाणं दिव्याखाली धरलं आणि सून खुर्चीच्या कडेवर सरकली. शेजारच्या खुर्चीत सासरे मात्र निवांत बसले होते, जणू केस कापायला आलेत.

लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. कपाट आवरताना तिला चांदीचं एक काळंकुट्ट नाणं सापडलं होतं. सासऱ्यांना खूश करावं म्हणून तिने ते साबण लावून तारेच्या घासणीने खसाखसा घासलं. राजाचा चेहरा उजळला आणि त्याच्या गालावर, कानापासून हनुवटीपर्यंत, एक रेघही दिसू लागली. जुनी नाणी घासायची नसतात, त्या कपाटाला हात लावायची घरात कोणाची टाप नाही आणि हे नाणं तर सासऱ्यांचा जीव की प्राण, हे सगळं तिला मागाहून कळलं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. "रेघ होतीच गं, काळेपणात दिसत नव्हती," एवढंच ते म्हणाले. तिला ते पटलं नाही. भला माणूस, आपलं मन राखतोय, असंच तिला वाटलं. तेव्हापासून ती स्वतःच्याच घरात पाहुणी झाली. कपबशीसुद्धा विचारून उचलायची. सासऱ्यांसमोर जेवताना तिची मान वर होत नसे. नवरा समजावून थकला. माहेरी निघून जावं, असंही तिच्या मनात घोळू लागलं. शेवटी आज सकाळी सासरे म्हणाले, "माझं नको ऐकूस. पारख्याकडे चल. तो सख्ख्या भावासाठीही खोटं बोलणार नाही."

पारखी होताही तसाच फटकळ. त्याने नाणं तिरपं केलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"इकडे या बाई, भिंगातून बघा. ओरखडा असता तर रेघ आत गेली असती, खणल्यासारखी. ही वर आलीय. म्हणजे साच्यालाच तडा होता. नाणं पाडताना त्यात चांदी शिरली आणि ही रेघ उमटली."

"म्हणजे मी नाही केली?"

"तेव्हा तुमच्या पणजीचाही जन्म झाला नव्हता. नाणं घासलंय मात्र कुण्या गाढवाने."

सासऱ्यांनी घाईघाईने खिडकीबाहेर पाहिलं. सून आधी रडली, मग रडता रडता हसली. तिने पारख्याचे इतके आभार मानले की तो बिचारा लाजून भिंगच पुसत बसला.

बाहेर जिन्यात सासऱ्यांनी नाणं तिच्या हातात दिलं. "झालं समाधान? आता घरी जाऊन पोटभर जेव." आणि कठडा धरून ते पुढे उतरू लागले. तिने मायेने राजाच्या गालावरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख रेघेवर चढलं आणि पलीकडे उतरलं.

ती पायरीवरच थबकली. त्या दिवशी, रेघ जाते का म्हणून, घाबऱ्या घाबऱ्या तिने असंच नख फिरवलं होतं. तेव्हा ते चढलं नव्हतं. रेघेत रुतलं होतं.

हे ते नाणं नव्हतंच. गालावर तशीच रेघ असलेलं दुसरं नाणं सासऱ्यांनी कुठून कुठून धुंडाळून आणलं होतं. पारख्याला खोटं बोलावं लागू नये, आणि तिला ते खरं वाटावं, एवढ्यासाठी.

"काय गं, थांबलीस का?" खालून हाक आली.

एवढं आपल्यासाठी कोणी करावं! "आले बाबा," म्हणत ती भराभर उतरली आणि तिने त्यांचा हात धरला. जन्मभर नाण्यांना साधं ओलं फडकंही न लावलेल्या त्या माणसाची बोटं तारेच्या घासणीने सोलवटून निघाली होती.