सोबतीचा फॉर्म

मतदान केंद्रावर सवयीने मी सोबतीचा फॉर्म भरायला घेतला, तर दादाने माझा हात धरला. "राहू दे. या खेपेला माझं मी करतो."

दादा जन्मापासून आंधळा. वेताच्या खुर्च्या विणून त्याने मला शिकवलं. आजवर प्रत्येक निवडणुकीत शाई त्याच्या बोटाला लागायची, पण बटण मी दाबायचो. तो चिन्ह सांगायचा आणि मी माझ्या पसंतीचं दाबून मोकळा व्हायचो. यंदा, बावन्नाव्या वर्षी, तो ब्रेल लिपी शिकला होता.

केंद्रावरच्या बाईंनी उमेदवारांची ब्रेल यादी त्याच्यापुढे ठेवली. त्याची बोटं एकेका नावावरून सावकाश फिरली. मागची रांग चुळबुळ करू लागली, तरी त्याने घाई केली नाही. मग तो एकटाच आडोशामागे गेला. यंत्राचा लांब आवाज झाला आणि दादा ताठ मानेने बाहेर आला. त्याला इतका उंच मी कधी पाहिला नव्हता.

रस्त्यावर मला राहवलं नाही. "कुणाला दिलंस रे?"

"इतक्या वर्षांत मी तुला कधी विचारलं?"

तो हसला आणि नेहमीसारखा माझ्या खांद्यावर हात ठेवून चालू लागला.