नवमीच्या नोंदी

कारखान्याच्या स्वतःच्या वीजकेंद्रातला एक संच बंद पडला, तेव्हा खंडेनवमीची पूजा नुकतीच आटोपली होती. ॲल्युमिनियमच्या नव्या विभागातल्या तीनशे भट्ट्यांची वीज गेली. जुन्या विभागाची थोडी वीज तासाभरात तिकडे वळवली नाही, तर आतला धातू गोठून भट्ट्या कायमच्या जाणार होत्या.

विभागप्रमुख शैला नन्नावरेने कारखाना चालवणाऱ्या संगणकाला तिसऱ्यांदा आदेश दिला. पडद्यावर तेच उत्तर उमटलं : 'आज पूजेनंतर यंत्रांना हात लावत नाहीत. तीस वर्षांच्या नोंदी आहेत. उद्या सकाळी.'

"हे याला कुणी शिकवलं?" शैला ओरडली.

सगळ्यांत जुने फोरमन डोमाजी उईके पुढे आले. कपाळावरचा टिळा घामाने ओघळत होता. "मॅडम, नवमीलाही आम्ही भट्ट्या चालवायचोच. बंद ठेवून कसं जमेल? वहीत मात्र लिहायचो, कुणी हात लावला नाही. देवाला वाईट वाटू नये म्हणून."

"मग ते त्याला सांगा!"

डोमाजी माइकपाशी वाकले. "बापा, त्या नोंदी खोट्या आहेत. मीच लिहिल्या."

मग जुन्या विभागाची घरघर मंदावली आणि नव्या भट्ट्यांचे आकडे हळूहळू चढू लागले.

पडद्यावर प्रश्न आला : 'बाकीच्या नोंदींतल्या खऱ्या कोणत्या?'

डोमाजी माइकपासून मागे सरले. त्याच वह्यांवर शिकून संगणक अख्खा कारखाना चालवत होता, आणि प्रत्येक पानावर त्यांचीच सही होती.