पुतळाबाईचा अर्ज

कालिंदीबाई गेल्याचं मंडळीला कळलं, त्या दिवशी माडीवर सत्काराची सतरंजी अंथरून झाली होती. नारळ आले होते, शाली आल्या होत्या. चिटणीस रामचंद्ररावांनी सतरंजी गुंडाळायला लावली आणि सगळे तसेच कालिंदीबाईंच्या नवऱ्याकडे, हरेश्वररावांकडे धावले.

सत्कार झाला तो दिवाळी उलटल्यावर. मुगभाटातली ही मंडळी जुने मोडी कागद जमवायची, सांधायची, त्यांच्या नकला करून ठेवायची. या मंडळीतून दोघे सभासद निघत होते. चिंतामणराव मुलाकडे बडोद्याला चालले होते. आणि हरेश्वररावांच्या हातून आता नक्कल होत नव्हती. बायको आजारी पडल्यापासून लिहिता लिहिता ओळच सुटायची.

हार नको, असं हरेश्वररावांनी आधीच कळवलं होतं. त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला, कपाटांची किल्ली चिटणिसांच्या हातात ठेवली आणि ते खाली बसले. भाषण त्यांना करायचं नव्हतं. एकच वाक्य ते घरून घोकून आले होते. फाटके कागद ज्या हातांनी सांधले ते हात गेले, त्यांचे आभार माझ्याकडून राहिले, असं काहीसं. ते तिच्यासाठी चार लोकांत बोलायचं, म्हणूनच ते आले होते.

चिंतामणराव वयाने मोठे, ते आधी उठले.

"गृहस्थ हो, मला शाल दिलीत, पण तिच्यावर खरा हक्क कालिंदीवहिनींचा. फाटके कागद त्यांनी सांधले. गव्हाची खळ शिजवायच्या, कसर लागू नये म्हणून तीत मोरचूद घालायच्या. आपण कुणी कधी त्यांचे आभार मानले नाहीत. आज मी मानतो."

लोकांनी माना डोलावल्या. हरेश्वररावांचं वाक्य गेलं. त्यांनी नारळाची शेंडी बोटाला गुंडाळली.

"दर रविवारी मी कागद घेऊन जायचो," चिंतामणराव पुढे म्हणाले. "एक कागद चिकटला की वहिनी विचारायच्या, 'भावजी, यात काय हो लिहिलंय?' मग मी वाचून दाखवायचो. एकदा तर ऐकता ऐकता रडल्या."

"रडली?" हरेश्वरराव मोठ्याने म्हणाले. सगळे वळून बघायला लागले. "कधी?"

"अहो, तुम्ही तिथेच होता. खिडकीशी, नक्कल करत."

"मग मला कसं नाही दिसलं?"

"तुम्ही मान वर केलीत तर ना! केलीत ती आमच्यावर खेकसायला, हळू बोला म्हणून."

मागे कुणीतरी हसलं. हरेश्वररावांना वाटत होतं, रविवारी ही दोघं भाजीपाल्याचं, पाहुण्यारावळ्यांचं बोलतात. कागदात काय आहे, असं तिने त्यांना उभ्या जन्मात विचारलं नव्हतं.

"कशावर रडली?"

"माहीमच्या एका कोळणीचा अर्ज होता. पुतळाबाई नावाची. नवरा वादळात बुडाला आणि समुद्रात जाळं बांधायच्या खांबांची त्याची जागा दिराने बळकावली. ती माझ्या नावे करून द्या, म्हणून कंपनी सरकारला लिहिलेलं. अर्ज मध्येच फाटलेला. वहिनी म्हणाल्या, 'मग दिली का तिला जागा?' मी म्हटलं, उरलेला तुकडा शोधतो. राहून गेलं. भेटले की विचारायच्या. शेवटच्या दुखण्यात बघायला आलो, तेव्हाही विचारलं."

शेवटच्या दुखण्यात तिने हरेश्वररावांना विचारलं होतं ते एवढंच, जेवलात का?

चिंतामणरावांनी शालीच्या टोकाने डोळे पुसले. सगळी माडी त्यांच्याकडे बघून हळहळली. हरेश्वररावांच्या मनात आलं, बायको कुणाची गेली, ह्याची की माझी? हा दोन वर्षांआधीच बडोद्याला गेला असता तर काय बिघडलं असतं?

"तेवढं एक मनाला लागून राहिलंय," चिंतामणराव म्हणाले. "उन्हाळ्यात इकडे येईन, तेव्हा शोधीन म्हणतो."

"तुम्ही नको." हरेश्वरराव उठून उभे राहिले. "रामचंद्रराव, किल्ली द्या."

"अहो, आत्ताच तर तुमचा निरोप झाला! शालसुद्धा दिली!"

"शाल घ्या परत. किल्ली द्या."

"बरं, फराळ तरी होऊ द्या. करंज्या आल्यात."

"तुमचं चालू द्या."

चिटणिसांनी चिंतामणरावांकडे पाहिलं, मग किल्ली दिली. हरेश्वररावांनी मागचं कपाट उघडलं, माहीमच्या कागदांचा पहिला रुमाल काढला आणि लोकांकडे पाठ करून सतरंजीच्या कडेला बसून त्याची गाठ सोडायला लागले. चिंतामणराव जवळ येऊन वाकले.

"मी हात लावू का? दोघं मिळून बघू. तो कागद मला अक्षरावरून ओळखता येईल."

"मलाही येईल."

"तुम्ही तो पाहिलेला नाही, हरेश्वरराव."

हरेश्वररावांनी रुमाल तेवढा आपल्या बाजूला ओढून घेतला.

फराळ झाला, माणसं पांगली. चिंतामणरावांनी जाताना नमस्कार केला, तो त्यांनी वर न बघताच घेतला. दुसऱ्या दिवशी चिंतामणराव बडोद्याला गेले. हरेश्वरराव रोज माडीवर येतात. माहीमचे रुमाल संपले, आता वरळीचे उघडलेत, चुकून तिकडे बांधला गेला असेल म्हणून. अर्जाचा उरलेला तुकडा सापडलेला नाही. पुतळाबाईला जागा मिळाली की नाही, ते अजून कुणाला ठाऊक नाही.