इभुतीचे पट्टे

बसा राव, घाटनांदूरच्या बसवराज किराणावाल्याची गोष्ट सांगतो. नजर अधू, म्हनून कपाळाला इभूत बायकोच लावायची, गंगासागर. दिवाळीत तिथंच लाल गाठ आली. गंगासागर एकलीच केजच्या डॉक्टरला फोटू दाखवून आली. नवऱ्याला म्हनली, “चामखीळ हाय.” तवापासून इभूत जाड झाली. तो हसायचा, “गंगे, कपाळ हाय का भिंत?” पोरीचं लगीन उरकलं, गाठ बोराएवढी झाली. लातूरला तुकडा तपासून डॉक्टर म्हनला, “चामडीचा कॅन्सर. लाखात एखाद्यालाच होतो. कधीची गाठ?” गंगासागरनं केजची लपवलेली चिठ्ठी काढली. डॉक्टर चिडला, “दिवाळीतच लिहिलंय, ताबडतोब तपासा! आता गळ्यात उतरलाय.” “पोरीची सोयरीक मोडली असती वो,” ती रडली. बसवराज म्हनला, “देवाच्या इभुतीनं झाकलंस व्हय?” गाठ कापून काढली; आता टाक्यांवर इभूत तो सोताच लावतो. दुकानात गेलात अन् पट्टे वाकडे दिसले, तर हसू नका.